शेळी गाभ का टाकते?

(खोडाळा येथे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या स्त्री-पुरुषांपुढे दिलेले भाषण)



आज आपण शेळीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शेळीचे आम्हांला काय सांगता? आमचा जन्म शेळ्यांच्या मागे गेला. खरे आहे. शेळी कोणता पाला आवडीने खाते, कोणत्या पाल्याने तिचे पोट फुगते, हे तुम्हीच आम्हांला शिकवावे. आम्ही ते सांगायला आलो नाही. आम्ही एकच गोष्ट सांगायला आलो आहोत. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती सांगावी लागते.

आपला मोखाडा तालुका डोंगर-उताराचा. पाऊस मुसळधार, पण पाणी ठरत नाही. भात, नाचणी, वरई निघाली की शेत संपले. दिवाळी झाली की कितीतरी घरे वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. अशा घराला शेळी म्हणजे काय? घरात दुखणे आले, शेळी विकली. लग्न निघाले, बोकड विकला. आगोटीचे सामान भरायचे, पुन्हा शेळीच कामाला आली. बँकेत ठेव ठेवतात ना, तशी ही आपली चार पायांची ठेव आहे.

या ठेवीवर व्याज किती मिळते, त्याचा हिशेब बोटांवर करू. शेळी सुमारे ५ महिने, म्हणजे १५० दिवस गाभण असते. व्याल्यावर ३ महिन्यांनी ती पुन्हा फळली, तर ८ महिन्यांत एक वेत झाले. २४ महिन्यांत ३ वेत. कधी एक करडू, कधी दोन. आता त्यातले एक वेत वाया गेले, तर काय गेले? करडू गेले, दूध गेले, आणि शेळीला चारलेले महिनेही गेले. चार शेळ्यांनी एकाच हंगामात गाभ टाकला, तर त्या घराची आगोटच गेली. म्हणून ही गोष्ट लहान नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणू. घरात सहा शेळ्या. चार गाभण. एके सकाळी काळ्या शेळीने चौथ्या महिन्यात गाभ टाकला. घरधनीण म्हणाली, "उडी मारताना धक्का बसला असेल." तिने हातानेच ते मेलेले पिलू उचलले आणि कुंपणापलीकडे टाकले. कुत्र्याने ते ओढत नेले. दहा-बारा दिवसांनी शेजारच्या घरची शेळी गाभडली. मग आणखी एक. मग पाड्यात कुजबूज सुरू झाली. नजर लागली म्हणाले. कोणी तरी केले म्हणाले. आणि मग एखाद्या एकट्या बाईचे नाव पुढे आले. नवरा नाही, पाठीशी भाऊ नाही, अशीच बाई. ती काल शेळ्यांच्या वाटेने गेली होती ना? मग तीच भुताळी!

मंडळी, ही गोष्ट आम्ही हसण्यावारी नेत नाही. असा आळ आलेल्या बाईचे जगणे कठीण होते. गाव तुटते, पाणी तुटते, कधी जिवावर बेतते. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदाही झाला आहे. पण कायद्याच्या आधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारू. पहिल्या शेळीने टाकलेले पिलू आणि वार कुठे गेली? कोणत्या शेळीने ती जागा चाटली? कोणती शेळी तिथल्या गवतावर चरली? हा माग काढला तर तो बाईच्या दारात जात नाही. तो कुंपणापलीकडे, कुत्र्याने ओढलेल्या वाटेने जातो.

त्या वाटेवर काय असते? जंतू असतात.

आता जंतू म्हटले की सारेच वाईट, असे समजू नका. दुधाचे दही जंतूच करतात. शेळीच्या पोटात पाला कुजवून पचवतात ते जंतूच. तिच्या व्यायच्या वाटेतही नेहमी कितीतरी जातींचे जंतू राहतात. निरोगी मेंढी, निरोगी शेळी तपासली तरी ते सापडतात. म्हणून वाटेत जंतू सापडले, एवढ्यावरून शेळी वांझ ठरत नाही. शेजारी चांगले असतात तसे हे बहुतेक वेळ आपापल्या जागी नांदतात.

पिलू वाढते ते आतल्या पिशवीत. तिला गर्भाशय म्हणतात. बाहेरची वाट आणि ही पिशवी यांच्यामध्ये एक घट्ट तोंड असते. घराचे दार समजा. एरवी हे दार मिटलेले असते. शेळी माजावर आली की ते थोडे उघडते, आणि व्यायच्या वेळी पुरते उघडते. माजाच्या दिवसांत पिशवीची राखणही चांगली असते, आत शिरलेला जंतू बहुधा मारला जातो. धोका मोठा तो व्यायच्या वेळी. दार सताड उघडे, आत जखम ओली, आणि आपला हात मातीचा, शेणाचा.

वार पडायला उशीर झाला की आपण काय करतो? धरून ओढतो. असे करू नये. व्याल्यानंतर काही तासांत वार आपोआप पडते. अर्धा दिवस उलटला तरी पडली नाही, तर पशुवैद्याला बोलवावे. ओढली तर ती आत तुटते, तुकडा राहतो, तो कुजतो. पिशवी सुजते, घाण वास येणारा स्राव येतो. शेळी त्यातून वाचते, पण पुढे बोकड दाखवला तरी फळत नाही. पुन्हा पुन्हा उलटते. आपण म्हणतो, शेळी भाकड निघाली. ती भाकड नव्हती. आपल्या घाईने तिला भाकड केले.

हे झाले साधे जंतू. आता दुसरी जात पाहू. हे जंतू दार उघडे असण्याची वाट पाहत नाहीत. ते तोंडावाटे पोटात जातात, रक्तात मिसळतात आणि आतून पिशवी गाठतात. त्यांतला सर्वांत मोठा चोर म्हणजे ब्रुसेला.

ब्रुसेला कसा पसरतो? एका शेळीने गाभ टाकला की तिच्या वारेत, पाण्यात, स्रावात हे जंतू कोट्यवधी असतात. दुसरी शेळी ती जागा चाटते, तिथला पाला खाते. जंतू तिच्या पोटात जातो आणि गाभण पिशवीत घर करतो. पिलाला आईकडून अन्न पोचते ते वारेतून. जंतू त्या वारेलाच खातो. पिलाचे पोषण तुटते, ते आत मरते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास किंवा त्यापुढे बाहेर पडते. पुढच्या खेपेला हीच शेळी कदाचित पूर्ण दिवसांनी नीट विते. आपल्याला वाटते, बरी झाली. पण जंतू तिच्या कासेत दडून असतो, दुधातून आणि व्यायच्या वेळच्या पाण्यातून बाहेर पडतो. शेळी धडधाकट दिसते, खाते-पिते. म्हणूनच हा चोर सापडत नाही.

हा जंतू कडक उन्हात लवकर मरतो. पण सावलीत, ओलीत तो महिनोन्महिने टिकतो. आपल्याकडचा पावसाळा आणि आपले अंधारे, ओले गोठे त्याला फार मानवतात.

बोकडालाही हा रोग होतो. त्याचा एक वृषण सुजतो, कडक होतो, मग त्याच्या लागवडीने शेळ्या फळत नाहीत. आपल्याकडे पाड्यात मिळून एखादाच बोकड असतो. म्हणून हंगामाच्या आधी त्याचे दोन्ही वृषण हाताने चाचपून पाहावेत. एक मोठा, एक लहान, किंवा गाठ लागली, तर तो बोकड शेळ्यांत सोडू नये.

दुसऱ्या जंतूचे नाव क्लॅमिडिया. याची खोड निराळी. एखादी तरणी पाट यंदा दुसरीच्या व्यायच्या जागी हा जंतू घेते आणि गुपचूप राहते. पुढच्या वर्षी गाभण झाली की शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभ टाकते. म्हणजे आज बाजारातून आणलेली चांगली पाट पुढच्या वर्षी गाभडू शकते. दोष कुठला आणि दिसतो कुठे! असे आणखीही काही जंतू आहेत. नावे सगळी पाठ करायची गरज नाही. डोळ्यांनी पाहून कोणता जंतू ते कोणालाच सांगता येत नाही. ते तपासणीतच कळते.

मेंढीचेही असेच आहे. पावसाळ्यानंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. शेतात कळप बसवतात, शेताला खत मिळते. त्यांनाही हेच दुखणे भोवते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि जुळी कोकरे देणारी मेंढी तयार केली. तिला सुवर्णा म्हणतात. फार मोठे काम. पण जुळी असोत की एकटे, कोकरू पिशवीत पाच महिने टिकले तरच ते आपले. म्हणून जातिवंत मेंढीइतकीच स्वच्छ व्यायची जागाही महत्त्वाची.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा रोग शेळीपाशी थांबत नाही. तो माणसाला होतो.

याची एक खरी हकीगत ऐका. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक बेट आहे. तिथे इंग्रजांचे सैन्य होते. शिपायांना एक ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. महिनेच्या महिने माणूस अंथरुणात. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टराने १८८७ साली या तापाचा जंतू शोधला. त्याच्याच नावावरून ब्रुसेला हे नाव पडले. पण जंतू येतो कुठून, ते कळेना. कोणी हवेला दोष दिला, कोणी पाण्याला. अशी अठरा वर्षे गेली. १९०५ साली माल्टाच्याच थेमिस्टोक्लिस झॅमिट या डॉक्टराने शेळ्यांचे रक्त तपासले, आणि उत्तर सापडले. माल्टात गवळी शेळ्या दारोदार नेत, दारातच धार काढून देत. शेळ्या दिसायला निरोगी. कोणाला शंकाच आली नव्हती. त्याच साली या बेटावरच्या शेळ्या जहाजाने अमेरिकेला निघाल्या. वाटेत खलाशांनी त्यांचे कच्चे दूध प्यायले आणि तापाने पडले. १९०६ साली सैन्याला शेळीचे कच्चे दूध देणे बंद झाले. शिपायांचा ताप झपाट्याने ओसरला. औषध नाही, सुई नाही. फक्त कच्चे दूध बंद.

आपल्याकडे ताप म्हटला की हिवताप आठवतो. पण ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, सांधे धरतात, कंबर दुखते, काम करवत नाही, आणि हिवतापाची तपासणी करून काही निघत नाही, असे झाले तर डॉक्टरांना एक वाक्य आठवणीने सांगा: "आमच्या शेळीने गाभ टाकला होता, आणि आम्ही हात लावला होता." आरोग्य केंद्रात सांगा, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात सांगा, जव्हारच्या कुटीर रुग्णालयात सांगा. एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांना दिशा मिळते. या रोगावर औषध आहे. पण ते साधारण सहा आठवडे, एकाहून जास्त औषधे मिळून घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून मध्येच सोडले तर रोग उलटतो.

आणि आयाबायांनो, हे तर मनावर कोरून ठेवा. गरोदर बाईने शेळीच्या बाळंतपणाला हात लावू नये. गाभ टाकलेल्या शेळीच्या जवळही जाऊ नये. या जंतूंनी बाईचाही गर्भ जाऊ शकतो. आपल्याकडे शेळीचे काम बायका आणि पोरेच करतात. म्हणून हे काम त्या दिवसांत घरातल्या पुरुषाने करावे. त्यात कमीपणा नाही.

मग गाभ टाकला तर करावे काय? नीट ऐका.

पहिले काम, त्या शेळीला वेगळी बांधा. तिचा स्राव थांबेपर्यंत, निदान तीन आठवडे, दुसऱ्या शेळ्यांत सोडू नका. दुसरे, उघड्या हाताने काही उचलू नका. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, तोंडाला फडके बांधा. तिसरे, पशुवैद्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. तपासणीसाठी काय ठेवायचे ते तो सांगेल. चौथे, उरलेले सारे कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका, माती दाबा, काटे ठेवा. खड्डा झऱ्यापासून आणि विहिरीपासून लांब असावा. तिथला पालापाचोळा, गवत जाळून टाका. पाचवे, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. आणि दूध उकळी फुटेपर्यंत तापवल्याशिवाय कोणाला देऊ नका. धारोष्ण दूध पोराला अंगी लागते असे आपण म्हणतो. माल्टातले लोकही तसेच म्हणत असतील.

तपासणी कशी होते? शेळीच्या मानेतून थोडे रक्त घेतात. ते ठेवले की वर पिवळसर पाणी सुटते. त्याचा एक थेंब आणि गुलाबी औषधाचा एक थेंब एकत्र करून हलवतात. दूध नासल्यासारख्या कण्या धरल्या तर ब्रुसेलाचा संशय धरतात. मोठ्या तपासणीसाठी नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाभ टाकल्याबरोबर रक्त घेतले तर कधी कधी रोग असूनही दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे लागते. तेव्हा कंटाळू नका.

आता अवघड प्रश्न. तपासणीत शेळी रोगी निघाली तर? आम्ही खोटे बोलणार नाही. शेळीच्या ब्रुसेलावर भरवशाचा उपचार नाही. सरकारने २०१९ साली या रोगावर लसीची देशव्यापी मोहीम सुरू केली. ती गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांसाठी आहे. आपल्या शेळ्या त्यात येत नाहीत. म्हणून रोगी शेळी कळपातून काढणे हाच उपाय उरतो. कशी काढायची, ते पशुवैद्याला विचारूनच ठरवा.

मग मनात येते, गुपचूप बाजारात नेऊ, कोणाला कळणार आहे? मंडळी, गरज माणसाला काय काय करायला लावते, ते आम्ही जाणतो. ज्याच्या घरी दोनच शेळ्या, त्याला एक टाकून दे म्हणणे सोपे नाही. पण ती शेळी घेणार कोण? आपल्यासारखाच कोणी गरीब, चार महिने भट्टीवर राबून पैसे जमवलेला. त्याच्या घरात आपण आग विकत देतो. आणि बाजार तोच, बोकड तोच, चरायचे रान तेच. आज दिलेली आग उद्या आपल्याच कुडाला लागते. म्हणून हे एकट्याने सोसायचे नाही. पाड्याने मिळून सोसावे. ज्याची शेळी गेली, त्याला पुढच्या हंगामात प्रत्येकाने एकेक पाट पाळायला द्यावी, तिची करडे वाटून घ्यावीत. शेळी वाट्याने देण्याची रीत आपल्याला नवी नाही.

विकत आणलेली शेळी लगेच कळपात घालू नका. तीन-चार आठवडे निराळी बांधा, जमल्यास रक्त तपासून घ्या. वीटभट्टीवर जाताना शेळ्या नातलगाकडे ठेवता, तेव्हाही सांगून ठेवा, कोणती गाभडली होती. न सांगणे हा नातलगावरच अन्याय आहे.

आणि एकच शेळी गाभडली तर घाबरू नका. धक्का, उपासमार, विषारी पाला, जंत, अशीही कारणे असतात. पण थोड्या दिवसांत दोन-तीन शेळ्या पाठोपाठ गाभडल्या, तर जंतूचा संशय धरायचाच. भगतबाबांनाही आमची हात जोडून विनंती आहे. लोक तुमच्याकडे आधी येतात. तुम्ही बाईचे नाव न घेता "वार पुरा आणि डॉक्टर बोलवा" एवढे सांगितलेत, तर एका बाईचा जीव आणि पाड्याचा कळप, दोन्ही वाचतील.

शेवटी एक काम देतो. तुम्ही आता लिहा-वाचायला लागला आहात. त्या अक्षरांना कामाला लावा. एक लहान वही करा. त्यात असे लिहा:

काळी शेळी. बोकड लागला ५ नोव्हेंबर. व्यायची ४ एप्रिल.

बस्स, एवढेच. व्याली तर तारीख लिहा, किती करडे ते लिहा. गाभ टाकला तर तेही लिहा: २ मार्च, गाभ टाकला, वार पुरली. महिन्यातून एकदा पाड्यातल्या चार घरांनी आपल्या वह्या एकत्र वाचाव्यात. एकाच महिन्यात तीन घरांत "गाभ टाकला" असे दिसले, तर काय समजायचे, ते आता तुम्हांला ठाऊक आहे. कुजबूज करायची नाही. कोणाच्या दारात जमायचे नाही. वही घेऊन पशुवैद्याकडे जायचे.

जंतू डोळ्यांना दिसत नाही. पण वहीतल्या तारखा दिसतात. त्यांच्या मागाने गेले की चोर सापडतो, आणि जिच्यावर आळ येणार होता ती बाई आपल्यातच, आपल्या पाणवठ्यावर राहते.

आमचे बोलणे संपले. आता तुम्ही विचारा. राम राम.